कमरेइतकं पाणी

आई, सोमवार आमचा कपडे धुण्याचा आणि तुला लिहिण्याचा.
पण पांढरा शर्ट तिसऱ्यांदा पिळला
तरी त्यातून कागायान नदीच निघते आहे.
कॉलरला तपकिरी कड उरली.
राहू दे.

नदी मंगळवारी रात्री आली.
बुधवारी आम्ही टाय काढले, पिवळी जाकिटं चढवली
आणि महिनाभर ज्या दारांवर टकटक करत होतो
ती दारंच शोधत फिरलो.
एक सापडलं केळीच्या बागेत, चौकटीसकट उभं.
एल्डर मकाराएगनं सवयीनं त्यावर टकटक केली.
आम्ही हसलो,
मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

आपो सेव्हेरिनाचं घर जागेवर होतं.
आत गुडघाभर चिखल,
भिंतीवर पाण्यानं ओढलेली रेघ
बरोबर माझ्या छातीवरच्या काळ्या पाटीच्या उंचीला.
पाटीवर लिहिलंय एल्डर, म्हणजे वडीलधारा.
तिनं बोट ठेवून वाचलं, माझ्या हनुवटीवरची लव पाहिली
आणि बोळकं उघडून हसली.
"या वडीलधारे," म्हणाली, "फावडं तिकडे."

मला वाटलं होतं, चिखल मला कळतो.
आपल्या आयडाहोच्या बटाट्याच्या शेतातला
बुटाला चिकटतो, वाळला की झडतो.
या चिखलात चमचे असतात,
शाळेची वही, एका पायाची चप्पल,
कोंबडी म्हणून ओळखता येईल असं काहीतरी.
दर फावड्याला ती म्हणे, थांब,
आणि बोटांनी चाचपे, तांदूळ निवडावेत तशी.

काय शोधते आहे, मी विचारलं नाही.
मकाराएगनं दुसऱ्या दिवशी सांगितलं: नवऱ्याची कवळी.
नऊ वर्षं बिस्किटांच्या डब्यात जपलेली.
वापरायला नाही, नुसती काढून बघायला.

मागच्याच आठवड्यात, आई,
मी तिच्याच बाकावर बसून रंगीत चित्रं मांडली होती,
कुटुंब मरणानं तुटत नाही म्हणालो होतो,
देह पुन्हा उभा राहतो, धडधाकट, जसाच्या तसा.
आता ती कोपरापर्यंत चिखलात हात घालून विचारते,
"स्वतःच्या दातांनी उठेल, की त्या?"
पिशवीत पुस्तक होतं. काढलं नाही.
माहीत नाही म्हणालो.
अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

दुपारी तिनं तीन विटांवर कॉफी उकळली,
घरातली शेवटची, आमच्यासाठी.
आम्ही हात जोडून नको म्हणालो, कारण सांगितलं.
तिनं दोन्ही कप स्वतः संपवले.
"बरं झालं," म्हणाली, "तुमचा देव पीत नाही."

शनिवारी रोदेलचा बाप्तिस्मा होता.
तुला लिहिलं होतं ना, बारा वर्षांचा, तोतरा,
प्रार्थनेत मात्र एकदाही न अडखळणारा.
चॅपलमध्ये त्रेसष्ट कुटुंबं झोपतात,
बाकांच्या मध्ये दोऱ्या, दोऱ्यांवर लंगोट.
बाप्तिस्म्याचा हौद टँकरनं भरून दिला, कमरेइतका,
आणि सगळ्यांचं पिण्याचं पाणी तेच.
रोदेल आला तो दोन बादल्या घेऊन.
दिवसभर भरत होता, म्हाताऱ्यांच्या, बाळंतिणींच्या.
संध्याकाळी तळ दिसायला लागला
तेव्हा पाय धुऊन पायऱ्या उतरला
आणि वाटीनं खरवडून काढू लागला उरलेलं.
मान वर करून म्हणाला, "झ-झालं का माझं?"
नाही रे, म्हणालो, सगळं अंग बुडावं लागतं,
केस वर राहिला तरी पुन्हा करावं लागतं.
त्यानं मान हलवली. "म-मग पुढच्या टँकरला,"
म्हणाला, आणि भरलेली वाटी माझ्यापुढे धरली.
तहान लागली होती. मी प्यायलो.

रविवारी पाव नव्हता. मदतीतली बिस्किटं मोडून
आशीर्वाद देऊन वाटली. मुलांनी दुसऱ्यांदा हात पुढे केला.

आठवड्याचा अहवाल भरायचा आहे.
शिकवलेले धडे: एक, तोही अर्धा.
बाप्तिस्मे: शून्य.
पुढे रकाना नाही.

बाबांना सांग, जुने हातमोजे टाकू नका.
ता. क. वरची कवळी मिळाली, चुलीमागे.
खालची उद्या बघतो.